स्टेशनातली मेंढरं

आमच्या सनाबिसच्या इमारतीत कुणी बहरीन कायमचं सोडून निघालं की नको असलेलं सामान लिफ्टजवळ आणून ठेवतं. इस्त्रीचं टेबल, बाळाची खुर्ची, अर्धी संपलेली शाम्पूची बाटली. ज्याला हवं त्याने न्यावं. इतक्या वर्षांत मी तिथून काही उचललं नव्हतं. दुसऱ्याच्या मोडलेल्या संसारातलं आपल्या घरात आणू नये असं मला आपलं वाटतं. पण गेल्या उन्हाळ्यात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी उचलली. मुखपृष्ठावर लाल माती होती, लांबवर एकटं पत्र्याचं घर होतं आणि मागच्या मजकुरात ऑस्ट्रेलिया हा शब्द होता. माझी लेक तिथे आहे, एवढंच कारण.

लेक इथेच जन्मली, इथल्याच इंग्रजी शाळेत शिकली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. ती दहावीत असताना तिचे बाबा गेले. त्यानंतर त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. मी जुफैरच्या एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढायची, ती अभ्यास करायची, आणि दोघींचं भांडण टीव्हीच्या आवाजावरून व्हायचं. मग ती फिजिओथेरपी शिकायला ऑस्ट्रेलियाला गेली आणि पुढे तिथल्याच आतल्या भागातल्या एका लहान गावाच्या दवाखान्यात लागली. ‘आऊटबॅक’ असं ती म्हणाली. मला वाटलं, परसदार. म्हटलं, दवाखान्याच्या परसात राहायला खोली दिली असेल. आऊटबॅक म्हणजे तिकडचा दूरचा ओसाड मुलूख, हे सांगताना ती फोनवर इतकी हसली की मला रागच आला.

मी ते पुस्तक हातात घेतलं तेव्हा माझे इथले दिवस भरत आले होते. क्लिनिकचे मालक बदलले होते आणि साठी उलटलेल्यांचा व्हिसा पुढे वाढवायचा नाही असं नव्या मालकांनी ठरवलं होतं. वर्षअखेर मला फ्लॅट रिकामा करून गावी जायचं होतं, गुहागरला. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘आई, डिसेंबरमध्ये मी येते, आपण दोघी मिळून घर बंद करू.’ हे तिने चक्क मराठीत सांगितलं. त्या वाक्यावर मी कितीतरी महिने काढले. तिला न सांगितलेला बेत असा होता की बहरीनचं घर बंद करून तिला तशीच माझ्याबरोबर गुहागरला न्यायची. तिथे मी दोन खोल्यांचं घर बांधून ठेवलंय. तिच्यासाठी कमोडचा संडास केलाय, खिडकीला जाळी लावलीय, इंटरनेटवाल्याला बोलून ठेवलंय. एकदा समुद्र बघितला, माझ्या हातचं चार दिवस खाल्लं की राहील, असं मला वाटत होतं. चिपळूणला काय दवाखाने नाहीत?

तर ते पुस्तक. माझं इंग्रजी म्हणजे एक्स-रेच्या खोलीतलं इंग्रजी. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, कपडे घाला. तेवढ्या बळावर कादंबरी वाचणं सोपं नव्हतं. पण मराठी रहस्यकथा मी लहानपणापासून अधाशासारख्या वाचल्या आहेत, त्यामुळे खून कुठे आहे, कोण खोटं बोलतंय आणि कोण उगाच गोड बोलतंय, हे मला भाषेवाचून कळतं. क्लिनिकला सकाळची आणि संध्याकाळची अशी दोन पाळ्यांत ड्यूटी असते. मधल्या रिकाम्या दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही इतकं ऊन असतं. त्या वेळात मी स्टाफच्या खोलीत एसीखाली बसून ते वाचायची.

गोष्ट अशी. कित्येक वर्षं पाऊस न झालेलं एक गाव. गावात दारूचा एक गुत्ता, एक पेट्रोलपंप, एक बंद पडलेली शाळा. गुरांच्या डॉक्टरकडे काम करणारी बाहेरगावची एक मुलगी बेपत्ता होते. तिची गाडी रस्त्याकडेला सापडते, दारं सताड उघडी, आत पाण्याचा कॅन भरलेला. शहरातून एक पोलीस येतो. गावातले सगळे त्याला चहा पाजतात आणि कुणीच काही सांगत नाही. आमच्या गुहागरकडेही लोक असेच वागतील, फक्त चहाबरोबर पोहे देतील.

मला सगळं समजत होतं, एक गोष्ट सोडून. पुस्तकात सारखं ‘स्टेशन’ यायचं. आता स्टेशन म्हणजे आपल्याकडे दोनच, एक रेल्वेचं आणि एक पोलिसांचं. त्या गावात रेल्वे नव्हती, म्हणजे पोलिसांचं. पण त्या स्टेशनात हजारो मेंढरं होती. स्वयंपाकी होता, लोकर कापायची मोठी शेड होती. एक म्हातारा छाती पुढे काढून सांगायचा की मी स्टेशनात जन्मलो आणि स्टेशनातच मरणार. मी म्हटलं, असेल बाई. बिचाऱ्या पोलिसांना तिकडे पगार कमी असेल, म्हणून मेंढरं पाळत असतील. परदेशात इतकी वर्षं काढली की माणूस न समजलेल्या गोष्टींवर अडून बसत नाही, पान उलटतो. मीही उलटलं.

पण पुस्तक जसजसं पुढे सरकलं तसतसं ते गाव आणि माझ्या लेकीचं गाव एक होऊन गेलं. तिचा आठवड्यातून एकदा फोन यायचा. मी विचारायची, गाडीत पाणी ठेवतेस ना? पेट्रोल भरलंस का? रस्त्यात कुणी हात केला तर गाडी थांबवू नकोस. ती ज्या म्हातारीकडे भाड्याने राहायची ती तिला केक करून द्यायची. माझ्या पुस्तकातली एक म्हातारीही त्या पोलिसाला रोज केक द्यायची आणि माझा सगळा संशय तिच्यावर होता. मी लेकीला म्हटलं, ‘तिचा केक रोज रोज खाऊ नकोस.’

‘आई, आर यू वॉचिंग समथिंग?’

‘नाही गं,’ मी म्हटलं. वाचत होते, बघत नव्हते. खोटं काही बोलले नाही.

खरं सांगायचं तर तो आठवड्याचा फोन सोडला तर मला मराठीत बोलायला एरवी कुणी नव्हतं. क्लिनिकमध्ये हिंदी आणि इंग्रजी, कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, हिंदी, खाली रस्त्यावर अरबी. कधीकधी मी स्वयंपाकघरात मोठ्याने बोलायची, ‘आता भात टाकू या.’ कुणाशी, तर भांड्यांशी. आपला आवाज आपल्यालाच नवा वाटायचा. त्यामुळे त्या गावाची, त्या खुनाची मला सोबत झाली होती हेही खरं आहे.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी लेकीचा मेसेज आला. इंग्रजीतच होता. स्टेशनवर आहे, बहुतेक काही आठवडे इथेच राहीन, इथे फोन लागत नाही, काळजी करू नकोस.

आदल्याच दुपारी पुस्तकात त्या पोलिसाने बाहेरगावच्याच एका दुसऱ्या मुलीला चौकशीसाठी स्टेशनात बसवून ठेवलं होतं. आपल्याकडे ‘स्टेशनात आहे’ म्हटलं की एकच अर्थ होतो. हिने काय केलं? की हिला कुणी काही केलं? कुणा पेशंटचं हाड मोडलं का, कुणी तक्रार केली का? काही आठवडे म्हणजे तर कोठडीच झाली. फोन काढून घेतला असणार, म्हणून लागत नाही. आणि वर ‘काळजी करू नकोस’. आमच्या घरात हे वाक्य फक्त काळजी करण्यासारखं काही घडलं की म्हणतात. मी फोन लावत राहिले आणि तिकडून एक बाई शांतपणे सांगत राहिली की हा नंबर बंद आहे.

कुणाला विचारणार? क्लिनिकमध्ये बोलायची सोय नव्हती. ‘मुलगी स्टेशनात आहे’ हे तीन शब्द जुफैरमध्ये उच्चारले असते तर संध्याकाळच्या आत गुहागरला पोचले असते. बहरीनमध्ये माझं म्हणावं असं एकच माणूस होतं. बाब अल बहरीन या जुन्या बाजाराच्या वेशीच्या आतल्या गल्लीत कापडाचं दुकान असलेले भाईजान. ते दाभोळचे, म्हणजे खाडीच्या पलीकडचे. आमच्या बाजूने फेरीबोटीत बसलं की त्यांचं गाव. लेकीचे बाबा गेले तेव्हा पहिला डबा त्यांच्या घरून आला होता, आणि त्यात मासे नव्हते, दुःखाच्या घरी चालतील न चालतील म्हणून त्यांनी आठवणीने वरणभात पाठवला होता. मी एरवी बसने जाणारी बाई, त्या दिवशी टॅक्सी केली. पर्समध्ये ते पुस्तकही घेतलं. कशाला घेतलं ते विचारू नका, पुरावा म्हणून असेल.

भाईजान एका गिऱ्हाइकापुढे काळ्या कापडाचे तागे उलगडत होते. माझा चेहरा बघून त्यांनी त्या बाईला आपल्या पोराच्या हवाली केलं आणि मला स्टूल दिलं.

‘काय झाला, ताई? बसा आधी. पाणी पिया.’

मी सांगितलं. हळू आवाजात, तोंडाला पदरासारखी ओढणी लावून. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

‘पोरगी सरळ हाय हो तुमची. ती कशाला काय करील?’

‘म्हणूनच तर म्हणते भाईजान, तिला कुणीतरी अडकवलंय. तिकडची गावं तुम्हाला माहीत नाहीत.’ जशी काही मला माहीत होती.

‘माझा भाचा हाय तिकडं. ट्रक चालवतो. थांबा, इचारतो त्याला.’

कोकणी मुसलमानांचा हा मोठा आधार असतो, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात त्यांचा एक भाचा असतोच. भाचा लगेच फोनवर आला. भाईजाननी फोन स्पीकरवर टाकला आणि गंभीर आवाजात विचारलं, की बाबा, तिकडं एखादीला स्टेशनात ठेवली तर सोडवायला काय करावं लागतं? वकील लागतो का?

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, पोरगी शहरात आहे की आत? आत, असं कळल्यावर तो हसायलाच लागला.

‘मामू, स्टेशन म्हणजे शेत हो! लय मोठा शेत. मेंढरांचा. हिकडं त्यालाच स्टेशन बोलतात. मी रोज जातो स्टेशनांवर, लोकर उचलायला. मला काय अटक झाली?’

एक क्षण मला कळेना. मग कळलं आणि मी अशी हसत सुटले की डोळ्यांतून पाणी आलं. भाईजान पण हसले, पोरगा हसला, कापड बघायला आलेली ती बाई काही न समजता हसली. भाईजाननी करक, म्हणजे इकडचा दाट दुधाचा कडक चहा, मागवला. मी पर्समधून पुस्तक काढून तिथेच स्टुलावर उघडलं. मेंढरं पोलिसांची नव्हती! स्वयंपाकी, शेड, स्टेशनात जन्मलेला म्हातारा, सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. निम्मी कादंबरी मी पोलीस चौकीच्या आवारात घडवली होती. भाईजानना ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, ‘पोलिसांनी मेंढरं पाळली असती ताई, तर चोऱ्या कोन पकडनार?’

इतकं मोकळं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. चहा संपत आला. भाईजान उलगडलेला तागा परत गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता, त्यांनी सहज विचारलं.

‘मंग ताई, पोरगी त्या शेतावर इतके दिवस काय करते?’

त्यांच्या मनात काही नव्हतं. विचारून झाल्यावर मात्र त्यांच्याही लक्षात आलं आणि ते घाईने म्हणाले, ‘कोन आजारी असंल. त्येंचाच काम ना तिचा.’

‘असेल,’ मी म्हटलं.

पण मी रहस्यकथा वाचणारी बाई आहे. बाब अल बहरीनच्या कमानीतून बाहेर येईपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं. गेलं वर्षभर ती तिकडच्या पावसाबद्दल आमच्याकडच्या शेतकऱ्यासारखी बोलायला लागली होती, पडला, नाही पडला, टाकीत किती आलं. मला भरताची कृती विचारली होती, आणि तिखट न खाणाऱ्यांसाठी मिरचीऐवजी काय घालू, तेही विचारलं होतं. फोनवर मागे कुत्रं भुंकायचं, ते शेजाऱ्यांचं म्हणायची. आणि सगळ्यात मोठा धागा तर मी दर आठवड्याला ऐकत होते. ती पूर्वी ‘आय’ म्हणायची, आता ‘वी’ म्हणायला लागली होती. ‘वी हॅड रेन.’ ‘वी आर टायर्ड.’ मला वाटलं, इंग्रजीत पावसाला तसंच म्हणत असतील. खुनी कोण ते मी शंभर पानं आधी ओळखते, आणि माझ्या मुलीच्या तोंडचा ‘आम्ही’ मला ओळखता आला नाही.

त्या दिवशी मी बसनेच घरी आले. येऊन भात टाकला. भांड्यांशी काही बोलले नाही.

बऱ्याच दिवसांनी तिचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज, आणि आवाजात वारा. एका टेकाडावर गाडीच्या टपावर चढलं की तिथे जरा रेंज मिळते म्हणे, आणि ती टपावर उभी होती. आधी इंग्रजीत इकडचं तिकडचं बोलली. त्या स्टेशनावरचे म्हातारे गृहस्थ पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यांना पुन्हा चालतं करायचं काम तिच्याकडे होतं. त्यांचा मुलगा आणि ती वर्षभर एकमेकांना ओळखत होते. हे तिने म्हाताऱ्यांच्या खुब्यानंतर इतक्या घाईघाईने सांगितलं की मुलगासुद्धा मोडलेल्या हाडांपैकीच एक वाटावा. मग ती थांबली आणि एकेक शब्द जमवत मराठीत म्हणाली, ‘आई, मी आता इथंच राहते.’

‘आणि डिसेंबर?’

‘डिसेंबरला नाही जमणार. ही इज जस्ट लर्निंग टु वॉक, आई. तू ये ना इकडे. प्लीज.’

मी म्हटलं, ‘बघू.’

‘तुझं बघू म्हणजे नाही,’ ती म्हणाली. लहानपणापासून तिला हे पाठ आहे. बाहुली, सायकल, मैत्रिणीकडे राहायला जाणं, सगळ्याला मी बघू म्हटलेलं आहे.

मला राग आला होता, तो का लपवू? एका परक्या म्हाताऱ्याला ती हाताला धरून चालवत होती आणि इकडे तिच्या आईचं घर मोडत होतं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिने चुकावं असं मला फार वाटत होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं. मी फक्त विचारलं, ‘तो बरा आहे ना तुझ्याशी?’ ती म्हणाली, ‘व्हेरी.’ मग रेंज गेली. मी बराच वेळ फोन कानाला धरून बसले होते, न जाणो पुन्हा आवाज येईल.

पुस्तक त्याच आठवड्यात वाचून टाकलं. खून केकवाल्या म्हातारीनेच केला होता. मला त्याचा काही आनंद झाला नाही.

डिसेंबर आला. भाईजान आणि त्यांचा पोरगा दोन संध्याकाळी येऊन खोकी बांधून गेले. तिचा पलंग, तिचं टेबल, तिच्या बाबांची आरामखुर्ची, कुणी न्यायला आलं ते गेलं, उरलेलं मी लिफ्टजवळ ठेवलं. व्हिसा रद्द झाला, आयडी कार्ड परत दिलं. निघायच्या दिवशी सकाळी इमारतीचा हारिस, म्हणजे आपला वॉचमन, फ्लॅट ताब्यात घ्यायला वर आला. चांगला माणूस, चेन्नईकडचा. त्याने नळ सोडून बघितले, एसी लावून बघितला, भिंतीवरचे खिळे बघितले. मी किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली आणि माझ्या हाताकडे बघत उभा राहिला.

‘मॅडम, दो चाबी था ना?’

दुसरी लेकीकडे होती. ऑस्ट्रेलियाला जाताना ती घेऊन गेली होती, परत येईल तेव्हा मी ड्यूटीवर असले तर बाहेर ताटकळायला नको म्हणून. मी तसं सांगितलं.

‘बेटी कब आएगी? मैं रुक सकता है. सेठ को बोल देगा.’

‘नहीं आएगी,’ मी म्हटलं. इतक्या महिन्यांत हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले होते, आणि तेही त्याच्यापाशी, हिंदीत.

त्याला वाईट वाटलं असावं. दाराच्या कुलपावरून उगाच हात फिरवत तो म्हणाला, ‘फिर लॉक बदलना पड़ेगा, मॅडम. बदल दूँ?’

‘बदल दो,’ मी म्हटलं.

तो पेचकस आणायला खाली गेला, आणि मी त्या रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून मोठ्याने रडले.